भोंगा वाजला की वर जायचं

भोपाळची बातमी आली त्या हिवाळ्यात मी पाचवीत होते. अंबरनाथला एका बैठ्या चाळीत आम्ही राहायचो. चाळीच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे कंपन्यांचा पट्टा. पप्पा त्यातल्याच एका केमिकल कंपनीत कामाला होते. तिथून त्यांना महिन्याला गुळाची ढेप मिळायची. छातीत गेलेलं सगळं गूळ ओढून काढतो, असं कंपनीतले लोक म्हणायचे. आम्ही पोरं तो गूळ चपातीशी खायचो आणि छातीत काय जातं, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी पप्पांनी पेपर वाचला आणि घडी घालून गादीखाली सरकवला. एरवी ते पेपर खुर्चीवर तसाच टाकून उठायचे. आईनं दुपारी तो काढला. तिची सातवी झाली होती. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या तिनं सगळं पान वाचलं. संध्याकाळी पप्पा जेवायला बसले तेव्हा तिनं विचारलं,

"तुमच्या कंपनीत काय असतं?"

"काय असतं म्हणजे?"

"गॅस. कुठला असतो?"

पप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. "तसला नाही," ते म्हणाले.

"मग कसला?"

पप्पा काही बोलले नाहीत. माझी भीती तिथून सुरू झाली. पेपरातले फोटो मी नंतर पाहिले, पण त्यांच्यापेक्षा पप्पांच्या त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली होती. आई रोज थोडं थोडं विचारत राहिली, आणि शेवटी एका रविवारी त्यांनी सांगितलं. क्लोरीन असतो. माणसाएवढ्या लांब सिलिंडरमधून येतो. वास ब्लीचिंग पावडरसारखा. एकदा व्हॉल्व्ह लीक झाला होता तेव्हा सगळे धावत गेटबाहेर आले होते. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगून काय होणार होतं?

"आता मला कळलं ना," आई म्हणाली. "आता मी बघते."

आणि आई कामाला लागली. माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन, मला बरोबर घेऊन ती उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेली. कूलरच्या आणि दारांच्या फटीला लावायच्या फोमच्या पट्ट्या तिला हव्या होत्या. दुकानदार सिंधी होता. त्यानं विचारलं, "कूलर के लिए चाहिए क्या, बहन?"

"नाही. गॅस के लिए."

"सिलिंडर का पाइप?"

"हवा का गॅस. भोपाल जैसा."

तो हसला. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू थांबलं. त्यानं पट्टी मोजून दिली, वर जाड प्लास्टिकचा एक तुकडा दिला आणि हळूच म्हणाला, "इधर तक आएगा क्या?" मला वाटलं, एवढा मोठा माणूस आईला विचारतोय, म्हणजे कुणालाच माहीत नाही.

आमच्या दोन खोल्या होत्या. आतली, स्वयंपाकाची, आईनं निवडली. खिडकीच्या चौकटीला पट्टी चिकटवली, तिच्यावर प्लास्टिक ठोकलं. मोरीच्या भोकासाठी चिंध्यांचा बोळा शिवला. दाराखाली सारायला जुनी गोधडी घडी घालून ठेवली. पाण्याचा ड्रम कायम भरलेला आणि त्यावर टॉवेल. फळीवर चुरमुरे, ग्लुकोजची बिस्किटं, दुधाची पावडर, टॉर्च, भावाच्या तापाचं औषध. त्या फळीला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. भाऊ बिस्किटांकडे बघून रडायचा.

मग कंपनीचा धोक्याचा भोंगा वाजलाय असं धरून सराव सुरू झाला. कधीही, म्हणजे मी अभ्यास करत असले तरी, भाऊ आंघोळीला बसला असला तरी, आई टाळी वाजवून म्हणायची, "भोंगा!" की धावायचं, टॉवेल भिजवायचा, नाकातोंडावर धरायचा, आत जाऊन बसायचं. आई दार लावून गोधडी दाबायची. आत अंधार व्हायचा. आम्ही तिघं ओल्या टॉवेलातून श्वास घेत बसायचो. भाऊ हे खेळासारखं घ्यायचा. मी नाही. त्या अंधारात मला पहिल्यांदाच कळत होतं की श्वास ही संपू शकणारी गोष्ट आहे.

मी सगळ्याचा वास घ्यायला लागले. डब्याचा, दप्तराचा, वाऱ्याचा. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी नळाला पाणी आलं आणि त्याला ब्लीचिंग पावडरचा वास होता. नगरपालिकेनं पाण्यात औषध टाकलं होतं, दुसरं काही नाही. पण मी हंडा टाकून किंचाळले, "आला! आला!" माझ्या ओरडण्यानं अख्खी चाळ बाहेर पडली. कुणी लुंगीवर, कुणी तोंडात ब्रश तसाच. कारण कळल्यावर आधी सगळे हसले आणि मग चिडले. तेव्हापासून माझ्या आईला चाळीत 'भोपाळवाली' म्हणायला लागले.

तिला ते लागलं, पण ती थांबली नाही. शेजारच्या खोलीत एक म्हातारी सिंधी बाई राहायची. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. तिचा मुलगा कॅम्प पाचला जीन्स शिवायच्या कारखान्यात जायचा, आणि ती दिवसभर एकटीच पापड लाटत बसायची. तिची खोलीही आईनं पट्टी लावून तयार केली. "अम्मा, भोंगा बजा तो अंदर बैठने का. कोई भी दरवाजा ठोके, खोलने का नहीं. खोला तो गॅस अंदर."

"तू बोलेगी तो भी नहीं?" अम्मानं हसत विचारलं.

"मैं बोलेगी तो भी नहीं."

पप्पांना हे सगळं आवडत नव्हतं. "कंपनीत कळलं ना, की माझ्याच घरात असा तमाशा चाललाय, तर मला विचारतील," ते म्हणायचे. पण एका संध्याकाळी ते सेकंड शिफ्टला जायच्या आधी आतल्या खोलीत गेले. खिडकीचं प्लास्टिक त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. गोधडी पाहिली. मग म्हणाले, "अगं, हे चुकीचं आहे."

"काय चुकीचं?"

"क्लोरीन हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, जमिनीवरून येतो, पाण्यासारखा. खोलगट जागेत साचतो. आपण तळाला, आणि मागे नाला. इथं बसलात तर..." त्यांनी गोधडी पायानं बाजूला सारली. "वर जायला पाहिजे. जितकं उंच तितकं बरं."

आई ओट्याशी खाली बसली. एवढे महिने आम्ही ज्या अंधारात बसून वाचण्याचा सराव केला, ती जागाच मरायची होती. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिला चुकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतर माझी भीती दुप्पट झाली. कारण आता मला तिचाही भरवसा उरला नव्हता.

गल्लीपलीकडे तीन मजल्यांची एकच बिल्डिंग होती. तिथं ऑफिसर लोक राहायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एका शाळेत शिकवायच्या. काकूंशी आमचं बोलणं होतं, पण ते जिन्याखाली, रस्त्यात. आम्ही बौद्ध, हे त्यांना माहीत होतं. वाईट त्या कधी बोलल्या नाहीत आणि आत या असंही कधी म्हणाल्या नाहीत. आईनं धुतलेलं पातळ नेसलं, मला बरोबर घेतलं आणि तीन जिने चढून गेली. काकूंनी दार अर्धं उघडलं.

"वहिनी, कधी गॅस सुटला तर आम्हाला वर यायला लागेल," आई म्हणाली. "गच्चीवर तरी. नाहीतर तुमच्याकडे. थोडा वेळ."

काकूंनी पदर सारखा केला. "गच्चीला तर कुलूप असतं. आणि आमच्याकडे... ह्यांना विचारून सांगते हं."

त्या काही सांगायला आल्या नाहीत. आईनं पुन्हा विचारलं नाही. पण घरात नियम बदलला: भोंगा वाजला की वर जायचं. कुणी घेवो न घेवो, जिन्यात तरी उभं राहायचं. अम्मालाही तिनं हे सांगितलं. अम्मा वैतागली. "पहले बोली अंदर, अभी बोलती है ऊपर. मेरे घुटने तू देगी क्या?"

पुढच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, ते झालं. शाळा सकाळची असल्यामुळे मी घरी आले होते. आई पोह्याचे पापड वाळत घालत होती. पप्पा पहिल्या पाळीला. आधी भोंगा वाजला नाही, आधी वास आला. अगदी थोडा. मी गप्प बसले. नळाच्या पाण्याच्या वेळची फजिती मला आठवत होती, आणि मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. मग नाल्याच्या बाजूनं कुणाचा तरी खोकल्याचा आवाज आला, थांबेचना. आईनं मान वर केली. आणि तेव्हा भोंगा सुरू झाला. पाळीचा भोंगा लांब आणि एकसारखा असायचा. हा तुटत तुटत वाजत होता.

आईनं टाळी वाजवली नाही. तिनं टॉवेल भिजवले, एक माझ्या तोंडावर बांधला, एक भावाच्या, त्याला उचललं आणि माझा दंड धरून पळाली. गल्लीत लोक सैरावैरा धावत होते. बरेचसे स्टेशनच्या दिशेनं, नाल्याच्या कडेकडेच्या रस्त्यानं निघाले होते. आई ओरडली, "तिकडे नको! वर चला, वर!" भोपाळवालीचं आता कुणी हसण्यावारी नेलं नाही. दोन-तीन बायका पोरांना ओढत आमच्यामागे वळल्या. माझे डोळे आग आग करत होते. घशात कुणी तिखटाची पूड फुंकल्यासारखं होत होतं आणि टॉवेलातून श्वास पुरत नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर आईनं काकूंचं दार ठोठावलं. ते लगेच उघडलं. काकू एकट्याच होत्या. घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि त्या मधोमध उभ्या. "काय करू?" त्यांनी आईला विचारलं. "काय करायचं असतं?"

"आधी खिडक्या लावा. चादरी भिजवा," असं म्हणत आई आत शिरली. मागून त्या बायका शिरल्या. मीही शिरले. पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकत होते आणि तेवढ्या भीतीतही मी चपला बाहेर काढल्या.

खिडक्या लागल्या, फटींत ओल्या चादरी गेल्या. तेव्हा कुठं आईनं आमच्याकडे नीट पाहिलं आणि मग आजूबाजूच्या बायकांकडे. "अम्मा?" ती म्हणाली. "अम्मा कुठंय?"

कुणी तिला पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेतून आमची चाळ दिसत होती. अम्माचं दार बंद होतं. आई काही क्षण काचेला कपाळ लावून उभी राहिली. मग तिनं भावाला माझ्या मांडीवर दिलं आणि आपला टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवला.

"आई, नको जाऊ," मी म्हणाले.

"तिला मीच सांगितलंय आत बसायला."

"नंतर वर यायचं पण सांगितलंस ना!"

"तिचे गुडघे आहेत," आई म्हणाली आणि गेली.

मी भावाला घट्ट धरून खिडकीशी उभी राहिले. नाल्यावर, जमिनीलगत, काहीतरी पिवळट पसरलं होतं. धुकं म्हणावं तर तो रंग धुक्याचा नव्हता. आई गल्ली ओलांडताना दिसली. ती अम्माचं दार ठोठावत होती, दोन्ही हातांनी. दार उघडत नव्हतं. कसं उघडणार? आईनंच शिकवलं होतं तसं. आई चाळीच्या टोकाला वळून मागच्या बाजूला गेली, नाल्याच्या बाजूला, आणि मला दिसेनाशी झाली. तो वेळ किती होता, मला सांगता येणार नाही. मी आईशिवायच्या घराचा विचार करायला लागले होते. पप्पाही तिकडेच होते, त्या पिवळ्याच्या पलीकडे. भावाला कोण आंघोळ घालेल, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

मग अम्माचं दार उघडलं. अम्मा उंबऱ्यात आली, तोंडावर ओढणी, आणि चाळीच्या टोकाकडून आई वाकून, धडपडत तिच्याकडे आली. आईनं तिच्या काखेत हात घातला. दोघी निघाल्या, पण इतक्या हळू. अम्माला दोन पावलांवर थांबावं लागत होतं. बिल्डिंगच्या दाराशी पोचल्या आणि पुन्हा दिसेनाशा झाल्या.

जिन्यातून खोकल्याचे आवाज येऊ लागले. वर काही येत नव्हते, एकाच जागी अडकले होते. खोलीतली एक बाई म्हणाली, "दार उघडू नका आता, पोरं आहेत इथं." सगळ्यांच्या मनात तेच होतं. काकू उठल्या. त्यांनी पदर भिजवला, तोंडाला गुंडाळला, दार उघडून बाहेर पडल्या आणि मागून ओढून घेतलं. थोड्या वेळानं तिघी आत आल्या. अम्मा मध्ये, एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं काकू. तिघी तशाच फरशीवर बसल्या. आईचे डोळे सुजून बंद झाले होते. काकू तिचे डोळे तांब्यातल्या पाण्यानं धूत राहिल्या, आणि अम्मा आईच्या पाठीवर गुद्दे मारत रडत होती. "तूने ही बोला था, तेरे को भी नहीं खोलने का! तूने ही बोला था!"

अम्मानं दार कसं उघडलं, ते आईनं नंतर सांगितलं. मागच्या खिडकीचं प्लास्टिक तिनं दगडानं फाडलं होतं. स्वतः ठोकलेलं, ताणून बसवलेलं. आतून अम्मा शिव्या देत होती, चोर समजून. मग फाटलेल्या प्लास्टिकमधून आईचा चेहरा दिसला तेव्हा तिनं पुढचं दार उघडलं.

मग वाट पाहणं. भोंगा थांबला. त्या शांततेत तर जास्तच भीती वाटली. भोंगा वाजवणारा माणूसच उरला नसेल, असं मला वाटलं. उन्हं कलली. वारा फिरला असावा, कारण पिवळं हळूहळू विरळ झालं. आई काही दिसत नसतानाही खिडकीशीच बसून होती. मला विचारायची, "कुणी येतंय का? बघ नीट. कुणी येतंय?"

पप्पा आले. आधी मी त्यांना ओळखलं नाही, कारण त्यांचे कपडे ओले होते आणि ते म्हाताऱ्यासारखे चालत होते. ते आमच्या उघड्या दारातून आत गेले, लगेच बाहेर आले. अम्माचंही दार उघडं. आत डोकावले. आणि मग भर गल्लीत मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, आम्हाला कुणीतरी गाडीत घालून नेलंय. मी काच बडवायला लागले. त्यांनी वर पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं पण आवाज आला नाही. आवाज बसला होता, पुढे बरेच दिवस तसाच राहिला. त्यांनी नुसता हात वर केला.

"पप्पा आहेत," मी आईला म्हणाले. "खाली बसलेत."

आई अंदाजानं खिडकीची कडी चाचपून उघडू लागली. "बसू नका!" ती ओरडली. "खाली बसू नका! वर या!"

आम्ही उतरलो तेव्हा चाळीच्या टोकाला एका घरच्या कोंबड्या खुराड्यात आडव्या पडल्या होत्या. नाल्याकाठच्या शेवग्याची पानं दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी तपकिरी झाली. आमच्या गल्लीतलं माणूस कुणी गेलं नाही. पण पप्पांच्या पाळीतला, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खिरीला येणारा एक जण सिलिंडरच्या अगदी जवळ होता. तो दवाखान्यात काही दिवस काढून गेला. पप्पा त्याच्या घरी जाऊन आले आणि आवाज नसल्यामुळे तिथं काही बोलावं लागलं नाही, एवढंच आईला खुणेनं सांगितलं.

काकू दोन दिवस आमच्याकडे जेवण पाठवत होत्या. तिसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आल्या, आत आल्या, पाटावर बसल्या. आई त्यांना म्हणाली नाही की मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं.

पुढे नव्वदीनंतर ती कंपनी बंदच पडली. आम्ही बदलापूरला गेलो, वरच्या मजल्यावर. पप्पांचा खोकला सोबत आला. पण माझ्या मनात सगळ्यात जास्त घाबरवणारी आठवण यातली कुठलीच नाही. ती गॅस सुटल्यानंतर काही दिवसांची आहे, बंद ठेवलेल्या कंपनीचं गेट पुन्हा उघडलं त्या सकाळची.

पप्पा तयार होऊन बसले होते. आई म्हणाली, "नका जाऊ."

ते अजून कुजबुजल्यासारखंच बोलायचे. "मग कुठं जाऊ?"

आईकडे त्याचं उत्तर नव्हतं. एवढी सगळी तयारी करणाऱ्या माझ्या आईकडे. पप्पा उठले, चपला घातल्या, गल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि वळून परत आले. मला वाटलं, नाही जात. आईलाही वाटलं असावं, कारण ती दोन पावलं पुढं झाली. पण ते गेटपास विसरले होते. खिळ्यावरचा पास त्यांनी काढला, खिशात घातला आणि पुन्हा गेले.

आई दारातून आत आली. मग मला म्हणाली, "बस, वेणी घालते. शाळेला उशीर होईल." मी तिच्यापुढं बसले. तिला पेड धरताच येईनात, वेणी पुन्हा पुन्हा सुटत होती. मी मान सरळ ठेवून, न हलता बसून राहिले.